रिकामी म्हणून लिहिलेली जागा

साहेबांनी कागद वर धरला आणि वाचला — "पाहणीच्या वेळी सदर जागा रिकामी आढळली. तेथे कोणी राहत नसल्याचे स्थानिक महिलेने सांगितले."

बायजी ताडकन उठली. "कोन हाय ती? दाखवा मना! तोंडात शेन घालते तिच्या!"

सुनावणीला आलेली माणसं हसली. साहेबही हसले. मग बायजी माझ्याकडे वळली. "ही आमची वयनी. वीस पावलांवर घर हाय तिचं. तिलाच इचारा."

आणि मी काय म्हटलं? "मी म्हातारी बाई, मला काय कळतंय त्यातलं."

ती स्थानिक महिला मीच होते. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, तो शेवटच्या आजारात होता तेव्हाही नाही. मुलाला माहीत नाही, मुलीला माहीत नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका.

आमचं घर आंबिवलीच्या पुढे. समोर सरकारी गुरचरण. गुरं कधीच संपली, नाव राहिलं. त्या गुरचरणाच्या कडेला कातकऱ्यांची चार घरं होती, कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली. मी लग्न होऊन आले तेव्हाही ती तिथेच होती. बायजी माझ्याच वयाची. आमची भातशेती होती तोवर ती लावणीला यायची. चिखलात माझ्या शेजारी वाकलेली असायची आणि माझा हात मागे पडला की म्हणायची, "वयनी, तू शाळंत गेलीस त्याचा हा परिनाम." मी गेले होते चौथीपर्यंत.

दिवाळी झाली की ही माणसं वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडाशी परत. जाताना छपराचं प्लास्टिक काढून न्यायची, कारण भट्टीवर तेच लागायचं. दाराला बोरीची काटेरी फांदी अडकवायची. आणि बायजी तिच्या कोंबड्या नि पाटा-वरवंटा माझ्याकडे ठेवून जायची. इतकी वर्षं हेच चाललेलं. आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की थंडीत ती घरं बंद असतात आणि आषाढात तिथे चुली पेटतात.

नकाशावाले आले ते माघात. दोन तरुण आणि एक बाई. कोणत्या जागेवर आज काय आहे ते टिपून न्यायचं आणि त्यावरून पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचा, असं त्यांचं काम. बाईने मला विचारलं, "आजी, या खोपटांत कोणी राहतं का?"

मी म्हटलं, "कशाला?"

"जागा रिकामी असेल तर बागेसाठी ठेवता येईल."

बाग! माझी मुलगी घोडबंदर रोडला सोळाव्या मजल्यावर राहते. खाली बाग आहे, बाकं आहेत, म्हाताऱ्या बायका संध्याकाळी तिथे बसून सुनांच्या चहाड्या करतात. तिची सासू आमच्याकडे एकदाच आली. ओट्यावर बसली, समोर पाहिलं, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "बाई गं, हे असं रोज समोर असतं तुमच्या?" अर्धा कप चहा तसाच ठेवून गेली. तो अर्धा कप मला सहा वर्षं टोचत होता. बायजीने माझं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. पण मला ओट्यावरून बाग दिसायला हवी होती.

म्हणून मी म्हटलं, "कोणी नाही राहत. पडकी आहेत ती." आणि बायजीच्या सात कोंबड्या तेव्हा माझ्या पायाशी दाणे टिपत होत्या.

संताप येतो मला त्या तिघांचा. शिकलेली माणसं! एकानेही दाराची फांदी बाजूला करून आत डोकावलं नाही. आत चुलीत राख होती, जमीन सारवलेली होती, दांडीवर एक गोधडी होती. पडक्या घरात कोणी गोधडी घडी करून ठेवतं का? मागे पपईचं झाड होतं, त्याला टेकू दिलेला. पण एका म्हातारीला विचारलं, टॅबवर बोट टेकवलं, माझ्या हातचं पाणी प्यायले आणि गेले. वीस वर्षांचा आराखडा — आणि एका घरी पाणी पिण्यापुरती पाहणी! आणि ज्या साहेबांनी तो कागद मोठ्याने वाचला, त्यांनी तरी विचारलं का की ही बाई कोण, तिचं नाव का नाही लिहिलं? समोर बायजी उभी होती, रेशनकार्ड हातात घेऊन. जिवंत बाईपेक्षा कागद खरा! म्हणे जागा सरकारी. सरकारी म्हणजे कोणाची नाही, असंच ना? मग जिथे चाळीस वर्षं चूल पेटली तिथे ती कोणी पेटवली?

पण हे सगळं बोलते तेव्हा मलाच ऐकू येतं — त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

सुनावणीसाठी शाळेतल्या एका गुरुजींनी बायजीला हरकतीचा अर्ज लिहून दिला होता. साक्षीला मला नेलं तिनेच. कल्याणच्या कचेरीत एकच खुर्ची मोकळी होती, तिच्यावर मला बसवलं आणि स्वतः फरशीवर बसली. आणि परत येताना रिक्षात काय म्हणाली? "जाऊ दे वयनी. घाबरलीस तू. मोठा साहेब बघून मी पन घाबरते." घाबरते म्हणे! सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं ओरडली होती ती. मी म्हटलं, "हो गं, घाबरले." म्हणजे एकावर दुसरं खोटं.

दोन वर्षं काही झालं नाही. मग एका पौषात, सगळी भट्टीवर असताना, जेसीबी आला. चार घरांना अर्धा तास लागला. मी ओट्यावरच होते.

बायजी वैशाखात आली, डोक्यावर बोचकं. समोर बघत उभी राहिली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मला म्हणाली, "पाटा हाय ना गो?" मी काढून दिला. कोंबड्या टोपलीत भरल्या आणि गेली. तो पावसाळा त्यांनी पुलाखाली काढला.

बाग झाली नाही. 'उद्यानासाठी आरक्षित' असा पत्र्याचा फलक आहे आणि त्याच्या मागे ट्रकवाले घरांचा राडारोडा आणून ओततात. माझा मुलगा म्हणतो, धुळीने दार उघडता येत नाही. बाग झाली असती तर? तर मी जाऊन बाकावर बसले असते. तेही सांगून टाकते.

पाहणीच्या कागदात राहणाऱ्यांच्या रकान्यात रेघ ओढलेली आहे. त्या पुलाखाली ज्यांनी पावसाळा काढला ती माणसं ही. बायजी. तिचा नवरा काळू, तो श्रावणात तिथेच वारला. मुलगा मंगळ्या, सून जानकी आणि त्यांच्या दोन मुली. काळूचा भाऊ बारकू आणि त्याची आंधळी सासू. रामी आणि तिचे तीन मुलगे. आणि सोमी, तिचा नवरा आणि त्यांची तान्ही मुलगी, जिचं तोवर नाव ठेवलेलं नव्हतं.