इंग्रजी दाखल्यातले अप्पा

ज्या माणसाला तुम्ही तोंडावर काका-मामा म्हणता, त्याच्याविषयी इंग्रजीत काय लिहून ठेवता, हे त्याला कधी वाचून दाखवले आहे काय?

सोलापुरात आमच्या आळीत गिरणीच्या कचेरीतला एक कारकून राहत असे. मॅट्रिक पास, गळाबंद कोट, काळी टोपी. दोन वाक्ये बोलला की तिसरे इंग्रजीत. त्याच्या शेजारच्या खोलीत अप्पा राहत. ते त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, विणकर होते. मूळचे मैंदर्गीचे, घरात कानडी, बाहेर मराठी. कारकुनाची बायको बाळंत झाली तेव्हा महिनाभर त्याच्या घरचे पाणी अप्पांच्या घरच्यांनी भरले होते. तोही त्यांना अप्पा म्हणे, अहो-जाहो करी.

एका वर्षी गिरणीत वाईट सूत आले. धागा सारखा तुटे, कापडात खोट पडे आणि बोलणी विणकराने खायची. अप्पांनी ते सूत विणकाम खात्याच्या मास्तरापुढे नेऊन ठेवले आणि म्हणाले, तुम्हीच विणून दाखवा. आठवड्याच्या आत त्यांना काढून टाकले. दुसऱ्या गिरणीत साचा मिळवायचा तर आधीच्या गिरणीचा दाखला लागे. तो आमच्या कारकुनाने टाइप केला, गिरणीच्या साहेबाची सही आणून दिली आणि वर काळजी करू नका असेही सांगितले.

दाखला घेऊन अप्पा माझ्याकडे आले. मी तेव्हा इंग्रजी पाचवीत होतो, म्हणजे जगातले सगळे मला कळत होते. वरचा छाप पाहिला, खालची सही पाहिली, पहिली ओळ वाचली: कामावर नियमित. चांगले लिहिले आहे, असे सांगून मोकळा झालो. पुढचे लांबलचक वाक्य मी वाचले नाही. ते मला उमगले नसते आणि तसे कबूल करायचे नव्हते. अप्पांनी घरी खळ शिजवून तो कागद कापडाच्या तुकड्यावर चिकटवला, घडी पडून फाटू नये म्हणून.

पहिल्या गिरणीच्या फाटकावर टाइमकीपरने दाखला वाचला आणि जागा नाही म्हणाला. अप्पांच्या मागे उभा असलेला मात्र आत गेला. दुसरीकडे तेच. अप्पांना वाटले, पटका मळका दिसत असेल; तो धुवून तिसऱ्या गिरणीत गेले. तिथेही तेच. घरात आता मैंदर्गीला परत जाण्याचे बोलणे सुरू झाले होते, भावाच्या दारात, जिथे भावाचेच भागत नव्हते. तेव्हा ते पुन्हा माझ्याकडे आले.

“तम्मा, पुन्यांदा वाच. समदं वाच.”

मी शाळेच्या मास्तरांची डिक्शनरी मागून आणली. मराठीत त्याचा अर्थ असा होता: सदर इसम कामावर नियमित असतो, परंतु तो तोंडाळ असून मालात खोड काढतो, व इतर हातांना बिघडविण्याचा संभव आहे. गिरणीतल्या माणसाला इंग्रजीत हात म्हणतात. त्याला डोके आहे, पोट आहे, हे कुठे लिहीत नाहीत. त्या हाताला तोंड फुटले की मात्र ताबडतोब नोंद होते.

रविवारी सकाळी आम्ही दोघे कारकुनाकडे गेलो. तो चहा पीत होता. या अप्पा, बसा, म्हणाला. मी कागद पुढे केला. मला वाटले, हा शरमेल. छे! त्याने मलाच धडा दिला. इंग्रजीत अहो-जाहो नसते, सरकारी भाषेत नातेगोते चालत नाही, आशय साहेबाचा, आपण फक्त भाषा नीट बसवली. त्या वाक्याच्या बांधणीचा त्याला अभिमान होता. असले वाक्य तुझ्या पाचवीत यायचे नाही, असेही तो मला म्हणाला.

अप्पांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, “हेच आता मराठीत वाचा की. माझ्याकडं बघून.”

कारकुनाने कागद उचलला. “हे अप्पा...” म्हणाला आणि थांबला. “सदर इसम,” म्हणाला आणि पुन्हा थांबला. त्याची बायको आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे न पाहता त्याने कागद खाली ठेवला.

“मराठीत ते बरं दिसत नाही, अप्पा.”

“न्हाई दिसत,” अप्पा म्हणाले, आणि उठले.

नवा दाखला मिळाला नाही. साहेबाकडे पुन्हा सही मागायला जाण्याइतका कणा कारकुनाकडे नव्हता. होता तो कोटाला शिवलेला. गिरण्यांची फाटके अप्पांना कायमची बंद झाली. पुढे एका तेलुगू विणकराने त्यांना आपल्या हातमागावर बसवले, तासभर काम पाहिले आणि उद्यापासून या म्हणाला. कागद त्याने मागितला नाही. त्याला इंग्रजी येत नव्हते.

असले कारकून मी पुढे पुष्कळ पाहिले. राणीच्या भाषेत शेजाऱ्याचा गळा कापतात आणि मराठीत त्यालाच चहा विचारतात. व्याकरणाची एक चूक करीत नाहीत.

तुम्हाला इंग्रजी येत असेल, तर एवढे करा. उद्या तुमच्या टेबलाशी कोणी दाखल्यासाठी उभा राहील. कागद सहीला पाठवण्याआधी तो त्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्याकडे बघून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवा. जीभ अडली, तर तो कागद तिथेच फाडा आणि नवा लिहा.