दिवस जाण्याची सबब

आरोग्य केंद्रात येणाऱ्या बायका तिला ‘हलक्या हाताची सिस्टर’ म्हणायच्या. सुई कधी टोचली ते कळायचंच नाही. तोंड मात्र अखंड चालू. कुटुंबनियोजनाच्या खोलीत बाई येते ती आधीच अंग चोरून बसते; तिला हसवलं की दंड सैल पडतो, हे सिस्टर नोकरीच्या सुरुवातीलाच शिकली होती. आपण कुणालाही हसवू शकतो याचा तिला अभिमान होता.

त्या खोलीत एक इस्त्रीवाली यायची. हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायचं तिचं काम. मनगटापर्यंत भाजल्याचे जुने डाग, बोलणं अगदी बेताचं. पहिली मुलगी झाल्यापासून ती नेमाने कंडोमची पाकिटं घेऊन जायची. नवरा लिफ्ट बसवायच्या कामावर होता. नवी इमारत उभी राहिली की महिना महिना परगावी.

एके दिवशी सिस्टरने पाकिटं हातात देता देता मागे घेतली.

“अजून किती दिवस ही वाहून नेणार गं? सुई घे एक. तीन महिने बिनघोर.”

“पाकिटंच बरी आहेत.”

“आणि एखाद्या वेळी वापरायचं राहिलं म्हणजे? मग येशील माझ्याकडे रडत. सुईचं तसं नाही.”

इस्त्रीवालीने जरा विचार केला आणि दंड पुढे केला. बाही खाली ओढताना मात्र हळूच म्हणाली, “पाकिटंही द्या ना.”

“एका दाराला दोन दोन कुलुपं कशाला?”

बाकावरच्या बायका खुदकन हसल्या. नवरा दारात मुलीला कडेवर घेऊन उभा होता. सिस्टरला राहवेना. “ऐकलंत का भाऊ? तुमची सुटका झाली आता. काही आणायला नको, काही लपवायला नको!”

तो लाजला, पण खूश झाला. इस्त्रीवाली हसली नाही. आपण चारचौघांत बोललो म्हणून संकोचली असेल, असं सिस्टरने गृहीत धरलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

पुढे इस्त्रीवाली तारीख न चुकवता सुई घ्यायला येत राहिली. पाकिटांचं नाव पुन्हा काढलं नाही. सिस्टर नव्या बायकांना तिचं उदाहरण द्यायची: “तिला विचारा, किती सुखात आहे ती!” तीही तिथेच बसलेली असायची, चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत.

मग मुलीला भावंड हवं म्हणून तिने सुई थांबवली. तिला दिवस गेले. नेहमीच्या तपासण्यांसाठी समोरच्या खोलीत रक्त दिलं. निकाल आला त्या दिवशी ती व्हरांडा ओलांडून सरळ सिस्टरच्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं. ते दार दिवसा कधी लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

“सिस्टर, मला एचआयव्ही निघाला.”

पहिल्या बाळंतपणाच्या वेळी हिची तपासणी चांगली आली होती, हे सिस्टरला आठवत होतं. म्हणजे जे झालं ते मधल्या काळात. आपल्या हातच्या सुया सुरू होत्या, त्या काळात.

“तुला काही शंका होती का गं?”

“होती की. परगावी ते कुठे जातात ते माझ्या कानावर होतं.”

“मग मला बोलायचं नाही का?”

“बाकावर बायका. दारात हे. काय बोलू?” इस्त्रीवालीने खुर्ची ओढली. “नवऱ्याला तोंडावर कसं सांगायचं, तुमचा भरवसा नाही म्हणून? दुसऱ्या दिवशी घराबाहेर. म्हणून पाकिटं पुढे करताना मी म्हणायची, दिवस जातील, काम जाईल, पोरीला कोण बघेल. या सबबीपुढे सासूचंही काही चालायचं नाही. तुम्ही सुई दिलीत, सबब गेली. त्याच रात्री म्हणाले, आता कशाला? सिस्टरनेच सांगितलंय.”

आवाज चढला नव्हता. चादर कुठे करपली ते मुकादमाला दाखवावं, तसं ती सांगत होती. भांडली असती तर सिस्टरला सोपं गेलं असतं.

सुई गर्भ रोखते, आजार रोखत नाही. हे सिस्टरला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहून ती पासही झाली होती. पण तिच्या खोलीत पोटाचा विचार व्हायचा. आजार समोरच्या खोलीचा. मध्ये फक्त व्हरांडा होता.

आता पोटातलं बाळ वाचवायचं होतं. औषध रोज घेतलं तर बाळ आजारातून सुटण्याची आशा मोठी आहे, असं समोरच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. इस्त्रीवाली गोळ्या घेत राहिली. नवरा आधी तिच्यावरच उलटला, मग परगावी निघून गेला, मग मान खाली घालून परतला. त्याच्याही रक्तात तेच निघालं. मुलगा झाला. त्याला पातळ औषध सुरू झालं. दर तपासणीच्या दिवशी सिस्टर काही ना काही काम काढून व्हरांड्यात यायची. इस्त्रीवालीच्या चेहऱ्यावरून तिला कधीच काही वाचता आलं नाही.

सिस्टर आता दार लावून बोलते. बरोबर आलेल्या नवऱ्याला बाहेर बसवते. सुई दिली की न मागता पाकिटं देते आणि कशासाठी ते स्वतः सांगते. थट्टा बंद झाली. हात तितकाच हलका आहे, पण दंड ताठ राहतात.

मुलगा दीड वर्षाचा होऊन दुडुदुडु धावायला लागला तेव्हा त्याची शेवटची तपासणी झाली. त्या दिवशी इस्त्रीवाली आपण होऊन सिस्टरच्या दाराशी थांबली.

“सुटला,” ती म्हणाली.

सिस्टर उठली, तिने दार लावून घेतलं आणि ती बरेच दिवस मनात घोळवलेलं वाक्य बोलायला गेली. “माझं चुकलंच गं. मी तेव्हा…”

“तुम्ही काही वाईट चिंतलं नव्हतंत.” इस्त्रीवालीने ते तिथेच थांबवलं.

सिस्टरने मग जे येत होतं ते केलं. कपाट उघडलं. “दोघांची औषधं चालू असली तरी पाकिटं हवीतच. आणि मूल नको असेल तर सुईही घे. दोन्ही देते.”

“काहीच नको, सिस्टर. ते बाहेरच्या खोलीत झोपतात आता. मीच सांगितलं तसं. आता सबब लागत नाही.”

मुलगा दाराची कडी ओढत होता. तिने त्याला उचलून कडेवर घेतलं आणि कामाची वेळ झाली म्हणून ती दार ओढून घेत निघाली. पाकिटं हातात धरून सिस्टर तशीच उभी राहिली, बाहेरून कुणीतरी दार वाजवेपर्यंत.