दाब, धर, सोड

आमच्या घरामागे गाड्यांतून काढलेल्या पार्टांचा ढीग आहे. कामाचं त्यात काही नाही, पण फेकायला कुणी तयार नसतं. गॅरेजवाल्यांच्या घरात किस्सेही तसेच साचतात. मी इथली नवी सून, त्यामुळे माझा ढीग अजून लहान आहे.

*

मला बघायला ही मंडळी मेहकरला माझ्या माहेरी आली तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, गाडी चालवता येते का? मी लायसन्सच पुढे ठेवलं. ते खूश! म्हणाले, "मंग काय! गाडी घरचीच हाय. वाटलं की काढायची अन् माहेरी जायचं."

माझे वडील तेवढ्यावर विरघळले. खरं तर मीही.

नांदुऱ्यात आल्यावर ती घरची गाडी पाहिली. क्लचचं पायडल खाली बसलेलं, काचेवर धुळीचा थर. त्या थरावर कुणीतरी बोटानं 'शुभ विवाह' लिहून ठेवलं होतं.

*

हातावरची मेंदी गेली नव्हती, तोच गॅरेजातून हाक आली. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत क्लच ऑइलच्या पाइपात हवा शिरली होती. ती काढायला दोघं लागतात. एकानं सीटवर बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खालून पाइपाच्या टोकाचं निपल ढिलं करायचं. बुडबुडे निघतात. निपल परत आवळलं की मगच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला, तर हवा पुन्हा आत!

हे गाडीखालच्या खड्ड्यात उतरले, मी ड्रायव्हर सीटवर. खालून आवाज आला, "दाब. धरून ठेव. मी सोड म्हणल्याबिगर सोडू नको बरं."

लग्नात भटजींनीही इतकं स्पष्ट काही सांगितलं नव्हतं.

*

पिंपळगाव राजा गावच्या एका पाटलांना क्लच ऑइल कमी दिसलं. घरात इंजिन ऑइल उरलेलं होतं, तेच त्यांनी ओतलं. आतली रबरं फुगली, दाबलेलं पायडल वर येईना. सासऱ्यांनी विचारलं तर म्हणाले, "तेल ते तेलच नं!"

सगळी रबरं बदलली. पायडल मी दाबलं. थोड्याच दिवसांत गाडी परत दारात, कारण पाटलांनी पुन्हा तेच ओतलं होतं.

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "नव्या सुनेचा पाय लागला नं गाडीले. पायगुण म्हणतेत याले."

पाटलांनी समजूतदारपणे मान हलवली.

*

घरच्या गाडीच्या क्लचचा खालचा सिलिंडर गळत होता. नवा आणला की एखादं गिऱ्हाईक अडलेलं असायचंच, आणि तो त्याच्या गाडीला बसायचा. तिकडे आई फोनवर विचारायची, पहिल्या दिवाळीला येतेस ना? मी म्हणायची, काम चालू आहे.

शेवटी म्हटलं, बसनं जाते. सासरे दचकलेच. "घरी गाडी असून सून बसनं गेली, तं लोक गॅरेजले काय म्हणतीन?"

*

दिवाळीच्या तोंडावर एकदाचा सिलिंडर बसला. हे खड्ड्यात, मी सीटवर. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. पायडल आता छान कडक लागत होतं. मी दाबून धरलेलं असताना यांनी निपल आवळलं आणि हे वर आले. तेवढ्यात पाटील हजर! त्यांचाही सिलिंडर गळायला लागला होता.

सासरे यांना म्हणाले, "घरच्या गाडीचा काढून दे. सूनबाई काही पळून नाही चालली."

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हाव," म्हणाले, आणि तिघंही बाजूला उभ्या असलेल्या पाटलांच्या गाडीकडे गेले.

माझा पाय पायडलवरच होता. चावी लावलेली होती. समोर गेट सताड उघडं.

इंजिनचा आवाज ऐकून हे खिडकीशी आले. "काऊन चालू केली वं? अन् पाय काऊन दाबून बसली?"

म्हटलं, "तुम्ही सोड म्हणालाच नाहीत."

"मंग सोड नं!" हे वैतागले.

गिअर मी आधीच टाकला होता. पाय सोडला. साधा झटकासुद्धा न देता गाडी गेटाबाहेर.