ओल्या फळ्यांचा ओटा

सदर इसम नामे मच्छिंद्र सहादू राऊत, वय अंदाजे बत्तीस, राहणार तालुका पाथर्डी, धंदा सुतारकी (तोंडी सांगण्यावरून), दाखला नाही, ओळखखूण डाव्या अंगठ्याला नख नाही, यास साहेबांच्या सरकारी बंगल्याच्या बागेतील लाकडी ओट्याचे कामी पंधरा दिवस अजमावून पाहावे. काम पसंतीस उतरल्यास कुशल कारागीर म्हणून कायम करावे.

हा कागद निघाला तेव्हा त्र्याहत्तर साल नुकतंच लागलं होतं. पाथर्डीकडे पाऊस नव्हता म्हणून बैल नव्हते, बैल नव्हते म्हणून औतं नव्हती, आणि औतच नाही तिथे सुताराला कोण विचारतो? मच्छिंद्र नगरला आला. कायम झालो की बायकोला, चांगुणेला, आणि लेकरांना आणायचं, एवढाच त्याचा बेत.

ओट्यासाठी बागेतलाच कडुनिंब तोडून त्याच आठवड्यात चिरला होता. मच्छिंद्रानं पहिली फळी उचलली. पाणी पिऊन आलेल्या म्हशीसारखी जड. दुष्काळात एवढं पाणी सरकारी झाडालाच मिळणार, असं त्याच्या मनात आलं. फळीला फळी भिडवून तो ठोकत गेला. आधी गिरमिटानं भोक, मग टोक बोथट केलेला खिळा, म्हणजे लाकूड चिरत नाही. दोन फळ्यांमध्ये पोस्टकार्ड जाईना.

चौदाव्या दिवशी ओव्हरसियर बांधकामाच्या नियमांचं पुस्तक घेऊन आले.

"फटी कुठायत?"

"पडतील की साहेब. ऊन लागू द्या."

"पडतील? इथं लिहिलंय, पाव इंच ठेवावी. पाणी निघून जायला."

"पुस्तकातली फळी वाळलेली असंल, साहेब. ही ओली हाय. आत्ता पाव ठिवली तर वैशाखात अर्धा इंच हुईल. बाईसाहेबांच्या खुर्चीचा पाय जायचा आत."

"मला शिकवतोस?"

"न्हाई. लाकडाचं सांगतुय."

मागे झारी घेऊन उभा असलेला माळी छगन त्याच्याच गावचा. तो पुटपुटला, "मर्दा, दे की फट. तुझ्या बाचं काय जातंय?"

हे मच्छिंद्राला सुचलं नव्हतं असं नाही. दोन दिवसांत खिळे उपटून फळ्या सरकवता आल्या असत्या. पण कायम व्हायचं म्हणजे रोज त्याच ओट्यापुढून जायचं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

शेरा पडला: 'सूचना पाळत नाही. अकुशल.'

आखितीला छगन गावी आला तो मच्छिंद्राला शोधत थेट दुष्काळी रस्त्याच्या कामावर.

"पडल्या बघ फटी! समद्या सारख्या. ओव्हरसियरनं पट्टी लावली, बरूबर पाव इंच. आन् लिवलं काय, तर 'पुस्तकाबरहुकूम, कुशल देखरेखीखाली काम करून घेतले'."

"ओटा कुठं कुरकुरतोय का?"

"छ्या! बंगल्यातला साहेब वर नाचला तरी न्हाई."

मच्छिंद्र समाधानानं हसला आणि त्यानं हातोडी उचलली. ती खडी फोडायची होती.