खिशात राहिलेला स्क्रू

बायकोलासुद्धा जे कधी सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, नाहीतर हा लेखही मी चार गोड आठवणींनी भरून मोकळा होईन. अनंत पेडणेकरची नोकरी आणि अब्रू ज्या एका स्क्रूपायी गेली, तो स्क्रू माझ्याकडे आहे. अकरा वर्षं झाली. बोरिवलीच्या घरी, कपाटाच्या वरच्या खणात, हिंगाच्या रिकाम्या डबीत. पितळी आहे, करंगळीच्या पेराएवढा, त्याला एक दातेरी वॉशर. सगळे तो शोधत होते तेव्हाही तो माझ्याकडेच होता.

अनंत गेल्याचं मला ऑफिसात कळलं. वहिनींचा फोन होता. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या, आणि मग मुलुंडला कुठून वळायचं ते सांगू लागल्या, जसं काही मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच येणार होतो. मी ज्या खुर्चीत बसून तो फोन ऐकला ती अनंतची खुर्ची. तो गेल्यावर, म्हणजे त्याला काढल्यावर, ती मला मिळाली. डाव्या हाताला कलली की अजून करकरते.

आमची प्रयोगशाळा अंधेरीच्या एमआयडीसीत. कारखान्यात लागणारी यंत्रं विकली जाण्याआधी आमच्याकडे येतात, आणि आम्ही ढोबळमानाने दोनच गोष्टी बघतो. यंत्राला हात लावणारा माणूस मरणार नाही ना, आणि यंत्रातून बाहेर पडणाऱ्या विजेच्या लहरींनी शेजारची यंत्रं वेडीवाकडी वागणार नाहीत ना. दुसऱ्या कामासाठी एक खास खोली आहे, भिंतींना आणि छताला निळ्या फोमचे टोकदार सुळके लावलेली. तिथे मोबाइल चालत नाही, बोललेलं घुमत नाही. अनंत जेवणानंतर दहा मिनिटं तिथे पाठ टेकायचा. म्हणायचा, अख्ख्या अंधेरीत एवढीच जागा आहे जिथे साहेबाचा आवाज पोचत नाही.

तो माझ्याआधी वर्षभर लागला होता. वडील गिरणीत, मूळ गाव मालवणकडचं, आणि रागावला की तोंडात तिकडचीच भाषा. त्याची जीभ वाईट होती, हे तो गेला म्हणून मी लपवणार नाही. कुणालाही, कुणासमोरही सोलून काढायचा. पण हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला त्याने एक सवय लावली. तपासणीसाठी यंत्राचा अर्थिंगचा स्क्रू कधीकधी तेवढ्यापुरता काढावा लागतो. तो टेबलावर ठेवायचा नाही, डबीत टाकायचा नाही. ज्याने काढला त्याने शर्टाच्या खिशात ठेवायचा, आणि परत बसवेपर्यंत तो खिसा दुसऱ्या कशासाठी वापरायचा नाही, पेनसुद्धा नाही. संध्याकाळी तो दारात उभा राहायचा. "घराक जावच्या आधी खिसो बघ." आम्ही एकेक जण छातीवर हात मारून दाखवायचो आणि मगच बाहेर पडायचो. बाहेरच्या चहावाल्याला वाटायचं की आमच्याकडे कसली तरी शपथ घेतात.

त्या दिवशी वेफर्सची पाकिटं भरणारं एक यंत्र आलं होतं. घाटकोपरला, असल्फ्याच्या एका गाळ्यात ते जायचं होतं. सुळक्यांच्या खोलीत ते आधीच एकदा नापास झालेलं, त्याच्या लहरींनी शेजारचा वजनकाटा नाचायचा. म्हणून बनवणाऱ्याने तिथल्या तिथे मोठा फिल्टर बसवला, आणि घाईत यंत्राच्या सगळ्या अर्थिंगच्या वायरी त्या फिल्टरच्या एकाच स्क्रूखाली दाबून टाकल्या. दाराची, मोटरची, सांगाड्याची, सगळ्या. लहरींच्या परीक्षेत यंत्र पास झालं. पण आत बदल केला की सुरक्षेच्या तपासण्या पहिल्यापासून करायच्या असतात. सकाळी मी त्याच कामाला लागलो आणि मीटरची पिन चुकीच्या जागी लावली. बनवणारा मालक, त्याची दोन माणसं, टेम्पोवाला, सगळे उभे होते. अनंत मागून आला आणि मालकाला म्हणाला, "सुध्याला सांभाळून घ्या हां. बायको ओळखायलासुद्धा मीटर लावतो, आणि तोही उलटा." टेम्पोवाला सगळ्यात जास्त हसला. मीही हसलो. आमच्याकडे असंच चालतं... पण ते हसू मला दिवसभर पुरलं.

दुपारी जास्त दाबाची वीज सोडून बघायची तपासणी होती. त्यात फिल्टर अर्थिंगला जोडलेला असला तर त्यातून थोडी वीज जाते आणि यंत्र उगाच नापास होतं. म्हणून मी तो स्क्रू काढला, खिशात ठेवला, तपासणी केली, यंत्र पास. आता स्क्रू बसवायचा आणि अर्थिंग पुन्हा मोजायचं, पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात टेम्पोवाला झाकण लावायलाच लागला, मालक घड्याळ दाखवू लागला, आणि मी सकाळचाच आकडा दुसऱ्यांदा लिहिला. पुन्हा मोजायला घेतलं असतं तर स्क्रू नाही हे तिथेच कळलं असतं. अनंत फाटकावर यंत्र बाहेर सोडायचा पास बनवत होता. तिथूनच त्याने विचारलं, "सुध्या, अर्थिंग परत मोजलंस ना?"

"मोजलं. ओके आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि सही केली. संध्याकाळी तो फाटकावरच अडकलेला, दारात नव्हता. मी छातीवर हात न मारता निघालो.

घरी शर्ट काढताना स्क्रू फरशीवर पडला. आवाज अगदी बारीक झाला. मी तो उचलला आणि पलंगावर बसलो. संध्याकाळचे सात वाजले असतील. अनंतचा नंबर मला पाठ होता. एक फोन केला असता तर यंत्र बसवायच्या आधी कुणीतरी पाना घेऊन असल्फ्याला गेलं असतं, आणि अनंतने उद्या सगळ्यांसमोर माझी सालं काढली असती. तेवढंच झालं असतं. ती सालं निघू नयेत म्हणून मी फोन केला नाही. बसवताना त्यांचा वायरमन बघेलच, असं स्वतःला सांगितलं आणि जेवायला बसलो. दुसऱ्या दिवशीही हेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी सांगायचीही गरज वाटली नाही.

महिन्याभराने यंत्राच्या आतली एक वायर घासून दाराच्या पत्र्याला टेकली. अर्थिंग असतं तर वीज जमिनीत गेली असती, स्विच पडला असता, आणि गाळ्याच्या मालकाने आम्हाला शिव्या देऊन वायर बदलली असती. अर्थिंग नव्हतं म्हणून काहीच पडलं नाही, यंत्र चालत राहिलं. तो आठवड्यातून एकदा गाळा धुवायचा दिवस होता. रेखाबाई नावाच्या बाईंनी चपला भिजू नयेत म्हणून काढून बाजूला ठेवल्या आणि ओल्या फडक्याने दार पुसायला घेतलं. लाकडी दांड्याने त्यांना सोडवलं तोवर उशीर झाला होता. या चपलांचं मला चौकशीत कळलं. त्यांची मुलगी बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत त्याच चपला होत्या.

विद्युत निरीक्षकांच्या माणसांनी यंत्र पूर्ण उघडलं. स्क्रू तळाशी नव्हता, गाळ्यात नव्हता, खोक्यात नव्हता. म्हणजे तो बसवलाच गेला नव्हता. आमच्या रिपोर्टावर मात्र अर्थिंग दोनदा मोजल्याचं लिहिलेलं, आणि खाली अनंतची सही. माझ्या अक्षरातला कच्चा कागद मी बातमी कळली त्याच दिवशी फाडला होता, तुकडे दोन वेगवेगळ्या कचऱ्याच्या डब्यांत टाकले होते. छापील रिपोर्टावर माझं नाव फक्त मदतनीस म्हणून. निरीक्षकांनी अनंतला विचारलं, तुम्ही स्वतः मोजताना पाहिलंत का? तो नाही म्हणाला. मग सही कशाच्या जोरावर केलीत? "मी विचारलं होतं... बहुतेक. याला विचारलं होतं." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "तसं काही आठवत नाही, सर."

तो भांडला असता तर मी कदाचित फुटलो असतो. पण तो भांडला नाही. माझ्याकडे बघत राहिला, रागाने नाही, तर मीटर भलताच आकडा दाखवायला लागला की तो जसा मीटरकडे बघायचा तसा. मग म्हणाला, "सही माझी आहे, म्हणजे चूक माझी." कंपनीलाही एकच नाव हवं होतं. आठवड्यात त्याला काढलं. निरोपाचा चहासुद्धा झाला नाही. मोकळ्या झालेल्या खुर्चीवर मी बसलो आणि नवीन पोरांना खिशाची सवय शिकवू लागलो. बाहेरून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं. मी त्यांना थँक्यू म्हणालो.

त्यानंतर अनंतला कुठल्याच प्रयोगशाळेत काम मिळालं नाही. मुलुंडला घरीच तो मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायचा. मी दिवाळीला जायचो, फराळाचा डबा घेऊन. मित्राच्या पडत्या काळात धावून जाणारा माणूस म्हणून वहिनींना माझं फार कौतुक वाटायचं. अनंतची जीभ मात्र गेली होती, कुणालाच काही बोलायचा नाही. एकदा मी मुद्दाम दुरुस्तीला आलेल्या इस्त्रीची पिन उलटी लावली. त्याने ती निमूट काढून सरळ लावली.

शेवटची भेट झाली ती तो जायच्या महिनाभर आधी. पॅरालिसिसने डावी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं, पण डोकं शाबूत. वहिनी चहा करायला आत गेल्या तसा तो म्हणाला, "सुध्या, एक विचारू? शेवटचं." मी मान हलवली. "त्या दिवशी मी तुला विचारलं होतं काय रे... परत मोजलंस ना म्हणून? मला फाटक दिसतं, तू दिसतोस, तुझं तोंड हललेलं दिसतं. पण इतक्या वर्षांत हे मीच रचलं असेल, तर? बाई मेली ना. मी न विचारताच सही ठोकली असेल, तर मग मी..."

त्याला माझी कबुली नको होती. त्याला फक्त 'हो, विचारलं होतंस' एवढं हवं होतं. ते दिलं असतं तर तो दुसरं काही विचारणार नव्हता, इतकं मी त्याला ओळखतो. मी म्हणालो, "तुलाच आठवत नाही, तर मला कुठून आठवणार, अनंता?"

"म्हणजे विचारलं नसणार," तो म्हणाला, आणि चांगल्या हाताने चादर नीट करत राहिला. वहिनी चहा घेऊन आल्या. मी बशीत ओतून प्यायलो आणि त्यांना म्हणालो की आलं छान लागतंय.

तेराव्यानंतर गेलो तेव्हा डबीतला स्क्रू खिशात होता. या वेळी सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. वहिनी त्याचे कपडे द्यायला काढत होत्या. शर्टांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवून त्या म्हणाल्या, "एक गंमत सांगू, भावजी? नोकरी गेल्यावरही रोज संध्याकाळी हे माझ्यासमोर उभे राहून शर्टाचा खिसा उलटा करायचे. खाली बशी धरायला लावायचे मला. अकरा वर्षं. त्यातून कधी काही पडलं नाही. मी म्हणायची, अहो कशाला, रिकामाच आहे तो. तर म्हणायचे, 'बघूया तरी.'" त्यांनी वरचा शर्ट उचलून मला दाखवला. उलटून उलटून खिशाचं अस्तर बाहेर लोंबत होतं, शिवण उसवलेली. माझ्या खिशातला स्क्रू त्या वेळी अंगाला टोचत होता. वहिनींनी विचारलं, "चहा टाकू?" आणि मी म्हणालो, "नको, निघतो."

हा लेख ज्या पुरवणीत येणार, ती वहिनींकडे येते. छापून यायच्या आत मी मुलुंडला जाणार आहे. मी हे अजून केलेलं नाही, म्हणून ते झालं असं समजू नका. वहिनींनी अकरा वर्षं धरलेल्या त्या बशीत हा स्क्रू टाकणं आणि 'त्यांनी विचारलं होतं, मी खोटं बोललो' एवढं तोंडाने म्हणणं, हे मी त्यांचं देणं लागतो. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन, अनंतच्या नावापुढे लिहिलेली चूक माझ्या नावापुढे लिहून घेणं, हे मी अनंतचं देणं लागतो. आणि बाकावर बसलेल्या त्या मुलीला, तिची आई कुणामुळे गेली ते तिच्यासमोर उभं राहून सांगणं, हे तिचं देणं लागतो. यातलं एकही मी अजून फेडलेलं नाही.