पाचवा शाफ्ट आणि माझं तोंड

पांढरी साडी, पिंपळ, कुत्र्याचं रडणं... असलं काही शोधत असाल तर आत्ताच सांगतो — नाही. माझ्या अनुभवात एक शाफ्ट आहे, म्हणजे मशीनचा फिरता दांडा. लोखंडी, ऑइलनं माखलेला. वेळ सकाळी अकराची, चहा नुकताच झालेला! मी असल्या गोष्टींवर हसणारा माणूस. भुताचीसुद्धा नक्कल करतो.

मी अमरावतीचा, अकोटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. दर सीझनला कापूस यायच्या आधी आमचे हेडमिस्त्री वसंताकाका एकेक शाफ्ट हातोडीनं ठोकून पाहतात. धड लोखंड 'टण्ण' वाजते, तडकलेलं 'थड्'. आणि मी? हातोडी पडायच्या आधीच तोंडानं 'टण्ण' वाजवतो. हुबेहूब! झाडलोट करणाऱ्या कांतामावशी पोट धरून हसतात.

त्या दिवशी चार शाफ्ट टण्ण झाले. पाचव्यावर हातोडी उचलली, मी तोंड उघडलं... 'थड्'.

हातोडी पडली. टण्ण! एकदम स्वच्छ.

"बॅटरी उतरली काय रे तुही?" मावशी हसल्या. मीही हसलो. काकांनी खडूनं टिक मारली न् पुढं गेले.

मला काही चैन पडेना. गुपचूप परत तोंड उघडलं — थड्. सहाव्यापाशी गेलो — टण्ण. पाचव्यापाशी आलो — थड्! तोंड माझंच, पण माझं ऐकेना. दुपारी त्याच शाफ्टची मशीन सुरू होणार होती, आणि मावशी तिच्याच बाजूला बसून सरकी झाडतात.

"काका, तो भेग दाखवायचा लाल स्प्रे मारून पाहा ना. पाया पडतो."

मी कोणाच्या पाया पडत नाही, म्हणून ते थबकले. स्प्रे मारला, पुसला, वरून पांढरी पावडर उडवली. चाक घट्ट बसवायच्या चावीच्या खाचेपाशी एक लाल रेघ उमटत गेली... केसाएवढी.

"गंज नाई. घासलंबी नाई," काका हळूच बोलले. "थकलं हे. फिरू फिरू थकलं. पन एवढ्याशा भेगेनं आवाज नाई बदलत रे... माह्या कानाले नाई समजला."

मग माझ्या तोंडाला कसा समजला? त्याच दिवशी शाफ्ट बदलला. नवीन शाफ्टपाशी गपगुमान टण्ण येते.

शाबासकी मिळाली असेल म्हणता? काकांनी सगळ्यांसमोर झापलं —

"पयल्यांदा थड् झालं, तवा कावून नाई अडवलं मले? हसत काय बसला बे? कांताबाई मेली असती, तं तिचीबी नक्कल केली असती काय?"