हवालदार उंबरठ्याबाहेर बसले

त्या उन्हाळ्यात माझी श्रद्धा पार आटली होती. आजार जुनाच होता. कानात आवाज येत, आणि गोळ्या सोडल्या की ते वाढत. डॉक्टरांनी बजावूनही मी गोळ्या सोडल्या होत्या. पाण्यात विष आहे, असं आवाज सांगत, म्हणून दीड दिवस मी थेंबही घेतला नव्हता. शेवटी शिवणकामाची कात्री घेऊन मी आमच्या मुर्री गावच्या बुद्धविहारात शिरले, मूर्तीपुढे बसले. त्रिशरण म्हणू लागले, तर शब्द आठवेनात. वाटलं, इथेही माझं कुणी नाही.

बाहेर लोक जमले आणि कुणीतरी पोलिसांना बोलावलं. मागच्या खेपेला मला दोरीने बांधून जीपमध्ये टाकलं होतं. त्यामुळे दारात खाकी दिसताच मी कात्री उगारली.

पिकल्या मिशांचे एक हवालदार होते. "लाठी कायले आणली?" मी ओरडले. त्यांनी हातातल्या लाठीकडे पाहिलं, ती सोबतच्या शिपायाला दिली आणि लोकांना फाटकापलीकडे न्यायला सांगितलं. धावत आलेल्या माझ्या बाबांकडून आवाजांचं आणि पाण्याचं हळूच जाणून घेऊन ते उंबरठ्याबाहेर मांडी घालून बसले.

"बाई, तो आवाज मले आयकू येत नाही. पण तुमाले भेव लागून राहिला, हे दिसते."

आवाज खोटा आहे, असं ते म्हणाले नाहीत. बाबांनी आणलेल्या लोट्यातलं पाणी आधी स्वतः प्यायले, लोटा आत सरकवला आणि मागे सरले. "मी इथंच बसतो. तुमाले वाटन तवा प्या."

किती वेळ गेला, ठाऊक नाही. मूर्तीच्या पायाशी कात्री ठेवून मी लोटा उचलला. पहिल्या घोटासरशी त्रिशरणाची ओळ आपोआप ओठांवर आली. मग बाबांशेजारी ऑटोत बसून मी आपल्या पायांनी दवाखान्यात गेले.

आता गोळ्या नेमाने घेते, शिवणकामही जोरात आहे. बरी झाल्यावर ठाण्यात आभार मानायला गेले, तेव्हा साहेबांनी मला शिपायांपुढे बोलायला उभं केलं. तेव्हापासून बोलावलं की जाते आणि बेधडक सांगते, आधी लाठी दूर ठेवा, बसा, घाई करू नका.

आभार मानायला गेले त्याच दिवशी हवालदारांना विचारलं होतं, हे कुठे शिकलात? ते हसले. "कुठं शिकतो बाई? मले भी भेव लागला होता. काही सुचून नाही राहिलं, म्हणून बसलो."

शरण जाणं मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणत आले. ते कसं असतं, हे त्या माणसाने जमिनीवर बसून मला दाखवलं. त्याच्यापुढे माझे हात आजही जोडलेले आहेत.